मरणाची असमान वांटणी : प्लेग, मानमोडी आणि कोल्हापूर

करवीर संस्थानाच्या जुन्या खानेसुमारींचे आंकडे एका ओळींत मांडून पाहिले असतां वाचणारा क्षणभर थबकल्यावांचून राहत नाहीं. इ. स. १८८१ सालीं ह्या संस्थानाची लोकसंख्या ८,००,१८९ होती. ती १८९१ सालीं ९,१३,१३१ झाली. दहा वर्षांत लाखावर माणसांची भर पडली, हें देश सुखांत असल्याचें लक्षण होय. परंतु पुढच्या खानेसुमारींत, म्हणजे १९०१ सालीं, ती ९,१०,०११ भरली. आणि १९११ सालीं तर एकदम ८ लाख ३३ हजारांवर येऊन ठेपली. १९२१ सालीं पुन्हां मोजदाद झाली, तेव्हांही आंकडा त्याच घरांत, ८ लाख ३३ हजार! १८९१ सालची पायरी ओलांडण्यास कोल्हापुरास १९३१ साल उजाडावें लागलें. त्या सालीं लोकसंख्या ९ लाख ५७ हजारांवर गेली. चाळीस वर्षें एका राज्याची वाढ जणूं थिजून गेली होती.

आतां ह्याच पश्चिम किनार्‍याकडील, सह्याद्रीच्याच आश्रयास असलेलें दुसरें एक संस्थान पाहूं. त्रावणकोरची लोकसंख्या १८९१ सालीं २५ लाख ५७ हजार होती. १९२१ सालीं ती ४० लाख ६ हजार झाली. म्हणजे ज्या तीस वर्षांत कोल्हापुरानें आपल्या प्रजेपैकीं शेंकडा जवळजवळ नऊ माणसें गमावलीं, त्याच तीस वर्षांत त्रावणकोरची प्रजा दीडपटीहून अधिक झाली. दोन्हीं संस्थानें हिंदी राजांचीं, दोन्हीं एकाच सार्वभौम सत्तेच्या छत्राखालचीं, दोन्हींकडे पाऊस एकाच समुद्रावरून येणारा. मग हा फरक कां पडावा?

ह्या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देणारे लोक पुष्कळ भेटतात. परंतु तें एका शब्दांत मावणारें नाहीं. १८९६-९७ व १८९९-१९०० ह्या दोन दुष्काळांचा वांटा त्यांत आहे. मुंबईच्या गिरण्यांकडे गेलेल्या तरुणांचा आहे, पटकीचाही आहे. तथापि मोठे हात दोघांचे : एक प्लेगाचा व दुसरा १९१८ सालच्या इन्फ्ल्युएंझाचा, ज्यास आपल्या खेड्यापाड्यांतून मानमोडी म्हणत. ह्या दोन्ही साथी सगळ्या जगावर आल्या आणि सगळ्या हिंदुस्थानावर आल्या, असें आपण बोलण्याच्या ओघांत म्हणतों. वस्तुतः साथ देशावर येत नसते. ती गांवावर येते, आळीवर येते, आणि एका जिल्ह्यास जें देते तें शेजारच्यास देतेच असें नाहीं. १९०१ ते १९११ ह्या दशकांत हिंदुस्थानची एकंदर लोकसंख्या शेंकडा सातांच्या आसपास वाढली. त्याच दशकांत कोल्हापूर संस्थानची शेंकडा आठांहून अधिक घटली. देशाची सरासरी पाहणार्‍यास कोल्हापूरचें दुःख दिसणारच नाहीं.

प्लेगाची हकीकत मुंबईपासून सुरू होते, आणि तींत आपल्या समाजांतील एका गृहस्थाचें नांव अग्रभागीं आहे. मूळचे गोव्यांतील हडफडें येथील डॉक्टर अकासियो व्हिएगस ह्यांनीं १८९६ सालच्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांतील रोग्यांस तपासून हा गांठीचा प्लेग आहे असें निदान केलें. धान्याच्या वखारी, गोदीचा शेजार आणि दाटीची वस्ती असा तो भाग. निदान उघडपणें बोलून दाखविणें ही त्या वेळीं लहान गोष्ट नव्हती; व्यापार बुडेल, बंदर बंद पडेल, ह्या भयानें असें कांहीं नाहींच म्हणणारे पुष्कळ होते. व्हिएगस पुढें मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले, आणि धोबी तलावानजीक त्यांचा पुतळा उभा राहिला. त्या पुतळ्याजवळून जाणार्‍या किती जणांस तो कोणाचा हें ठाऊक असतें, हा प्रश्न वेगळा.

रोग जाहीर होतांच लाखो माणसांनीं मुंबई सोडली. आगगाडीनें, गलबतांनीं, पायीं, मिळेल त्या वाटेनें लोक मूळ गांवीं परतले, आणि त्यांच्या बोचक्यांतून व धान्याच्या पोत्यांतून रोगही निघाला. मिरजेहून कोल्हापुरास लोहमार्ग १८९१ सालींच आलेला होता. पुण्यास १८९७ सालीं काय घडलें, घरझडत्यांचा जाच कसा झाला आणि रँडसाहेबाचा खून कसा पडला, हें सर्वश्रुत आहे. त्याची पुनरुक्ति येथें करीत नाहीं. त्या शतकाच्या अखेरीस प्लेग दक्षिण महाराष्ट्रांत रुजला आणि वीसएक वर्षें ठाण मांडून बसला. कोल्हापुरांत ह्या वेळीं राजर्षि शाहू महाराजांची कारकीर्द चालू होती. घरांत उंदीर पडूं लागले कीं गांवठाण सोडावें, माळावर किंवा रानांत झोपड्या घालून राहावें, आणि साथ ओसरल्यावर घरीं परतावें, हा त्या पिढीचा वार्षिक परिपाठच होऊन बसला होता. ‘उंदीर पडले’ ह्या दोन शब्दांनीं सारा गांव रिकामा होई.

परंतु हाच प्लेग सगळीकडे सारखा वागला नाहीं. १८९६ पासून पुढील पंचवीस वर्षांत हिंदुस्थानांत प्लेगानें सुमारे एक कोटि माणसें मेलीं. त्यांतील फार मोठा भाग पंजाब, मुंबई इलाखा, संयुक्त प्रांत व बिहार ह्यांच्या वांट्यास आला. १९०७ ह्या एका सालांत एकट्या पंजाबांत सहा लाखांवर माणसें प्लेगानें गेलीं. उलट आसामांत व पूर्व बंगालांत ह्या रोगानें मूळ धरलें नाहीं म्हटलें तरी चालेल. मद्रास शहराची गोष्ट तर विद्वानांस बुचकळ्यांत टाकणारी होती. तेंही मोठें बंदर, तेथेंही दाटी, तेथेंही उंदीर. आणि प्लेग मात्र तेथें कधींच फोफावला नाहीं.

ह्या कोड्याची उकल पिसवेनें केली. प्लेगाचा जंतु येर्सिन ह्यांनीं १८९४ सालीं हाँगकाँग येथें शोधला होता. तो उंदरावरून उंदरावर पिसवेच्या द्वारें जातो, हें सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराचीस प्रयोग करून दाखविलें. पुढें असें आढळून आलें कीं, उंदरावरील पिसवा एकाच जातीच्या नसतात. झेनोप्सिला चिऑपिस नांवाची पिसू प्लेग फैलावण्यांत अत्यंत निष्णात. तर झेनोप्सिला ॲस्टिया नांवाची तिची बहीण त्या कामांत मंद. मद्रास शहरांत ह्या दुसर्‍या जातीचें प्राबल्य होतें. त्याच मद्रास इलाख्यांतील बेल्लारी, सेलम, कोइमतूर ह्या उंच व कोरड्या जिल्ह्यांत पहिली जात होती, आणि तेथें प्लेगही होता. एका इलाख्याच्या दोन भागांतील माणसांचें जगणेंमरणें डोळ्यांस न दिसणार्‍या कीटकाच्या जातीवरून ठरावें, ही गोष्ट मनुष्याच्या अभिमानास फारशी पोषक नाहीं. पण ती खरी आहे.

दुसरें कारण हवामान. फार तापलेल्या व कोरड्या हवेंत पिसू जगत नाहीं, आणि जगली तरी रोग पोंचविण्याची तिची शक्ति क्षीण होते. म्हणूनच उन्हाळ्याच्या ऐन भरांत देशावरील प्लेग दबून जाई. मुंबई शहरांत साथीचा कळस माघ-फाल्गुनाच्या सुमारास येई. पण बेळगांव, धारवाड, कोल्हापूर ह्या पट्ट्यांत पावसाळा अर्धा सरला कीं साथ डोकें वर काढी आणि सुगी होईपर्यंत हटत नसे. समुद्रसपाटीपासून पावणेदोन हजार फुटांवर वसलेल्या आपल्या ह्या मुलुखाची थंड, ओलसर हवा, जिची आपण एरवीं वाखाणणी करतों, ती उंदरावरच्या पिसवेसही मानवत होती. बेळगांवचा प्लेग इतका लक्षणीय ठरला कीं प्लेगाचें संशोधन करणार्‍या शास्त्रज्ञांनीं त्या शहराचा स्वतंत्र अभ्यास केला.

आणि तिसरें कारण म्हणजे घर. आपल्याकडील गांवठाण म्हणजे भिंतीस भिंत लागून बांधलेलीं मातीचीं घरें, माळ्यावर कडबा, सोप्यांत कणगी, कोठें अंगणांत पेव. उंदरास ह्याहून अधिक काय पाहिजे? त्रावणकोरांत घरें आपापल्या परसांत, नारळी-पोफळींच्या मधून सुटींसुटीं असत. एका घरचा उंदीर दुसर्‍या घरीं जाण्यास वाट चालावी लागे. तेथील भिंती पवित्र आणि येथील अपवित्र असें कांहीं नव्हतें. ज्या दाटीनें येथल्या गांवकर्‍यांस शतकानुशतकें पेंढार्‍यांपासून व दरवडेखोरांपासून राखलें, तीच दाटी प्लेगाच्या वेळीं त्यांच्यावर उलटली, असें आम्हांस वाटतें.

ज्यांस मुंबईस जाणें घडतें त्यांनीं वांद्र्याच्या जुन्या वस्त्यांतून, गल्लीच्या तोंडाशीं उभे असलेले क्रूस पाहिले असतील. त्यांपैकीं कित्येक ह्याच प्लेगाच्या वर्षांत उभारलेले आहेत. त्या वाड्यांतील कॅथलिक कुटुंबें सायंकाळीं त्यांच्यापुढें जमून प्रार्थना करीत. आज त्यांवर फुलांच्या माळा दिसतात, परंतु ते कां उभारले हें विचारलें असतां सांगणारा विरळा.

प्लेग ओसरूं लागला न लागला तोंच मानमोडी आली. १९१८ सालच्या जून महिन्यांत मुंबईच्या गोदीवर पहार्‍यास असलेले सात पोलीस शिपाई तापानें इस्पितळांत दाखल झाले. पहिली लाट सौम्य होती. लोक चारदोन दिवस निजत व उठून कामास लागत. सप्टेंबरांत दुसरी लाट आली ती निराळीच. फुफ्फुसें धरून माणूस दोनतीन दिवसांत संपे. ६ ऑक्टोबर १९१८ ह्या एका दिवशीं मुंबई शहरांत ७६८ मृत्यु नोंदले गेले. प्लेगानें लहानथोरांस सारखें नेलें होतें. ह्या रोगानें विशेषेंकरून वीस ते चाळीस वयाचीं, घरचा संसार ओढणारीं माणसें नेलीं. हिंदुस्थानांत तरी पुरुषांपेक्षां बायकाच अधिक मेल्या. त्या घरांत आजार्‍यांचें करीत, चुलीच्या धुरांत राहत, आणि दुष्काळांत शेवटीं जेवत. १९१९ सालीं देशांतील जन्मांची संख्या एकाएकीं घसरली, त्याचें एक कारण हें.

येथेंही तोच विषम व्यवहार आढळतो. हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर मेजर नॉर्मन व्हाइट ह्यांनीं प्रांतवार आंकडे गोळा केले, त्यांवरून मुंबई इलाख्यांत व मध्यप्रांत-वर्‍हाडांत हजारीं पन्नासांहून अधिक माणसें ह्या एका साथीनें दगावलीं असें दिसलें. मद्रास व बंगाल ह्या प्रांतांतील प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही पुष्कळ कमी होतें. मराठी बोलणारा मुलूख ह्या काळ्या पट्ट्याच्या अगदीं मध्यावर होता. आजच्या महाराष्ट्र राज्याच्या सीमा धरून हिशेब केला तर १९११ सालीं येथें सुमारे २ कोटि १५ लाख माणसें होतीं व १९२१ सालीं सुमारे २ कोटि ८ लाख उरलीं. त्याच दशकांत त्रावणकोरची वाढ मात्र शेंकडा सोळांहून अधिक झाली.

ह्याचीं कारणें प्लेगाहून निराळीं आहेत. येथें पिसवेचा संबंध नाहीं. रोग श्वासांतून जाणारा. पहिली गोष्ट ही कीं, तो मुंबईच्या बंदरांतून आगगाडीच्या वाटेनें आंत शिरला, आणि अलीकडील अभ्यासकांनीं जिल्ह्याजिल्ह्याचे आंकडे तपासून दाखविलें आहे कीं, पूर्वेकडे जातांजातां त्याची चाल मंदावली व दंशही बोथट झाला. बंगालपर्यंत पोंचला तो थकलेला रोग होता. दुसरी गोष्ट पावसाची. १९१८ सालीं नैर्ऋत्य मोसमी पाऊस देशभर सरासरीहून सुमारे चतुर्थांशानें कमी पडला, व त्याचा घाव दख्खनवर कठोर बसला. चार वर्षांच्या महायुद्धानें धान्य आधींच महाग झालेलें. खरीप बुडालें, वैरण संपली, आणि अर्धपोटीं असलेल्या शरीरांवर ऑक्टोबरांत ही साथ येऊन कोसळली. तिसरें कारण म्हणून दख्खनांतील दिवसा कडक ऊन व रात्रीं एकदम गारठा हें पुढें केलें जातें. दमट किनार्‍यावर व बंगालांत ही तफावत थोडी. ह्या तिसर्‍या कारणास किती वजन द्यावें ह्याविषयीं दुमत होऊं शकतें. आमच्या मतें रिकामें पोट हें कारण इतर दोहोंहून वजनदार आहे, आणि त्यास आधार मुंबई शहरांतच सांपडतो.

तो आधार असा. एकाच शहरांत, एकाच हवेंत, एकाच बंदराच्या कुशींत राहणार्‍या लोकांचे मृत्यु म्युनिसिपालिटीनें समाजवार मोजले. यूरोपियनांत हजारीं ८.३, पारशांत ९, ज्यांस तेव्हां ‘नेटिव्ह ख्रिश्चन’ म्हणत त्यांच्यांत १८.४, मुसलमानांत १९.२; आणि ज्यांस समाजानें अस्पृश्य लेखून गांवकुसाबाहेर ठेवलें होतें त्यांच्यांत ६१.६! दिवसरात्रीच्या तापमानांतील तफावत ह्या सर्वांस सारखीच होती. मलबार हिल व चाळीची अंधारी खोली ह्यांमधलें अंतर कोसांनीं मोजलें तर फार नाहीं; परंतु मरणाच्या हिशेबांत तें मुंबई व बंगाल ह्यांच्यामधील अंतराएवढें भरलें. प्रांताप्रांतांतील भेद सांगतांना हा आंतला भेद विसरला तर नकाशा अर्धाच राहतो.

एकंदर किती माणसें गेलीं, ह्याविषयींही एकवाक्यता नाहीं. आरंभीं सरकारी अदमास साठ लाखांचा होता. १९२१ च्या खानेसुमारीनंतर तो सव्वा कोटीच्या पुढें गेला, आणि पुढील काळांतील कांहीं अभ्यासकांनीं तो पावणेदोन ते एक कोटि पंच्यायशीं लाखांपर्यंत नेला. एवढा फरक पडण्याचें कारण, गांवोगांवच्या पाटील-कुळकर्ण्यांची मृत्युनोंद त्या ऑक्टोबरांत कोलमडून पडली. नोंद करणारेही आजारीच होते. संस्थानांची स्थिति ह्याहून बिकट. व्हाइटसाहेबाचे तक्ते मुख्यतः ब्रिटिश प्रांतांचे. सातारा व बेळगांव जिल्हे त्यांत येतात, आणि त्यांच्या मधोमध असलेलें कोल्हापूर कोर्‍या कागदासारखें राहतें. म्हणूनच आरंभीं दिलेले खानेसुमारीचे आंकडे इतके महत्त्वाचे : १९११ ते १९२१ ह्या दहा वर्षांत संस्थानची लोकसंख्या जवळजवळ जागची हललीच नाहीं, एवढीच साक्ष त्या मूक दशकानें मागें ठेविली आहे.

शंभर वर्षांनंतर करोनाची साथ आली तिनेंही हाच धडा पुन्हां गिरवून घेतला, हें बहुतेक वाचकांनीं स्वतः पाहिलें आहे. २०२१ च्या जून-जुलैंत मुंबई शहर मोकळा श्वास घेऊं लागलें असतां कोल्हापूर, सांगली व सातारा येथें रोगी कमी होत नव्हते, आणि त्यांतच जुलैच्या अखेरीस पंचगंगेस महापूर आला. त्याच सुमारास देशभर केलेल्या रक्ततपासणींत मध्यप्रदेशांत शेंकडा ७९ लोकांच्या रक्तांत ह्या रोगाविरुद्धचीं प्रतिद्रव्यें आढळलीं, तर केरळांत ४४.४. वर्तमानपत्रांत मात्र त्या दिवसांत केरळचेच रोगी सर्वांत अधिक दिसत. कारण तेथें ते शोधले व मोजले जात होते. जो प्रांत नीट मोजतो तो आजारी दिसतो, व जो मोजीत नाहीं तो निरोगी!

मोजण्याचा विषय निघाला आहे तर आपल्या देवळांतील वह्यांविषयीं दोन शब्द लिहिणें अस्थानीं होणार नाहीं. बाप्तिस्म्याची व विवाहाची नोंद ठेवण्याचा दंडक ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं घातला. मृतांची वही ठेवण्याची आज्ञा १६१४ सालच्या रोमन विधिग्रंथांत आली. सरकारी दप्तर कोलमडलें तरी दफन झालें कीं धर्मगुरु त्या वहींत एक ओळ लिहीतच. नांव, वय, कोणाची पत्नी वा कोणाचा पुत्र, आणि दिवस. कोल्हापुरांतील कॅथलिक वस्ती त्या काळीं लहान होती, तेव्हां येथील नोंदी थोड्याच मिळतील. परंतु आपल्यांपैकीं पुष्कळांचीं घराणीं सावंतवाडी, बेळगांव, गोवा, वसई ह्या बाजूंकडून आलेलीं आहेत, आणि तेथील जुन्या देवळांत अशा वह्या असण्याचा संभव पुष्कळ आहे. शोधावयाचें तें कठीण नाहीं. १९१० पासून १९१७ पर्यंतच्या सप्टेंबर, ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांतील दफनें वर्षवार मोजावीं, त्यांची सरासरी काढावी, आणि ती १९१८ च्या त्याच तीन महिन्यांशेजारीं मांडावी. बायका किती, पुरुष किती, व वीस ते चाळीस वयाचे किती, हें वेगळें लिहून ठेवावें. किनार्‍यावरच्या देवळांचे आंकडे एका बाजूस व घाटावरच्या देवळांचे दुसर्‍या बाजूस ठेविले म्हणजे, समुद्रकांठीं मानमोडीनें हात आंखडता घेतला होता कीं काय, ह्याचा निर्णय आपल्याच लोकांच्या नांवांवरून करतां येईल.